चुलींची मोजणी

थोरली उठली तेव्हा खिडकीच्या गजांमधून नुसता राखाडी उजेड आत येत होता. तिने अंथरूण गुंडाळून भिंतीशी लावले, केसांचा अंबाडा घट्ट केला आणि स्वयंपाकघरात येऊन चुलीपुढे उकिडवी बसली. रात्रीची राख पत्र्याच्या तुकड्याने पुढे ओढून तिने टोपलीत भरली. तळाशी एक निखारा धुगधुगत होता, त्यावर बारीक काटक्या रचल्या आणि फुंकणीने फुंकर घातली. धूर आधी डोळ्यांत गेला, मग छपराच्या फटीतून वाट काढत बाहेर पडला. जाळ लागल्यावर तिने चहाचे आधण ठेवले. पहिला कप सासूबाईंचा, मग नवऱ्याचा, मग दिराचा. पोरांचे दूध वेगळे. उरेल तो चहा दोघी जावांचा, आणि तो बहुधा निवलेलाच असे.

तेवढ्यात धाकटी विहिरीवरून कळशा भरून आली. पदर खोचून ती चुलीच्या उजव्या अंगाला उभी राहिली आणि लग्न होऊन आल्यापासून रोज विचारत आली तेच तिने विचारले, "ताई, काय करू?"

"तांदूळ धुऊन घे. आणि आज तरी पातेलं नीट धर. कालचं पाणी चुलीत गेलं."

"धरते."

धाकटी हाताने वेंधळी, हे घरात केव्हाच ठरून गेले होते. तिच्या हातून भांडे निसटले की सासूबाई नुसत्या "आलं वाटतं पोरीला स्वयंपाकघर" एवढेच म्हणत. ती ओठ मिटून सांडलेले पुसून घेई.

दोन खोल्या, मधे स्वयंपाकघर आणि मागे गोठा असे ते घर होते. एका खोलीत थोरला आणि थोरली. दुसरीत धाकटा, धाकटी आणि त्यांची तीन पोरे. सासूबाई स्वयंपाकघरातच निजत. थोरलीची एकुलती एक लेक लग्न होऊन गेली होती, तरी खोल्यांची अदलाबदल करावी हे कुणाच्या तोंडी आले नव्हते. पोरे वाढत होती. थंडीत ती एकमेकांच्या अंगावर निजत आणि उन्हाळ्यात अंगणात. आणखी एक खोली काढायची बोलणी बऱ्याच दिवसांपासून चालली होती. शेताच्या कडेला दगडही आणून टाकले होते. पण त्याच हंगामात आराखडा आला आणि दगड जागच्या जागी राहिले.

शाळेच्या पडवीत भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. आराखड्याच्या बाई, म्हणजे प्रदेशाच्या नियोजन खात्यातून आलेल्या अधिकारी, खडूने बोटे माखलेल्या हाताने तो दाखवत होत्या. सावळ्या, चष्मा लावलेल्या, घसा बसलेल्या. सकाळपासून त्यांचे हे तिसरे गाव असावे.

"शहर इकडे सरकतंय, हे तुम्ही बघताच आहात," त्या म्हणाल्या. "पुढच्या तीस वर्षांत या सगळ्या पट्ट्यात माणसं दुपटीच्या वर जातील. जो तो आपापल्या शेतात घर बांधत सुटला, तर पिकाला जमीन राहणार नाही आणि नळाला पाणी. म्हणून हा हिरवा भाग शेतीचा. इथे नवं घर नाही. आणि शाळेच्या वरचं हे माळरान पिवळं केलंय. नवी वस्ती तिथे. रस्ता, पाणी, गटार, सगळं आधी. मग घरं."

"मॅडम, तीस वर्षांनी मी कुठे असेन तेवढं दाखवा की नकाशात," एक आवाज आला. तो रेडिओचा. गावातली प्रत्येक गोष्ट त्याच्याकडून सगळ्यांना कळे, म्हणून त्याला तेच नाव पडले होते.

"तू त्या कोपऱ्यात, झाडाखाली. आडवा," मागून कुणी तरी म्हणाले, आणि पडवी हसली. बाईही हसल्या.

"जागा कशा देणार?" थोरल्याने विचारले. तो बोलायला उठला की गाव ऐकत असे. आवाज भारदस्त होता आणि त्याला ते ठाऊक होते.

"प्रत्येक कुटुंबाला एक. राहिलेल्या जागा राखून ठेवायच्या. ज्यांना शेत नाही, दुसऱ्याच्या गोठ्यात राहतात, त्यांच्यासाठी. आणि पुढे येणाऱ्यांसाठी."

"कुटुंब कशाला म्हणायचं? आमच्यात आठ माणसं एका छपराखाली आहेत."

बाईंनी क्षणभर विचार केला. "एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. काढणीच्या सुमाराला आम्ही चुली मोजू. हंगाम संपला की परत येऊन बघू."

त्या वाक्याने गाव फिरले. चार दिवस जातात न जातात तोच घराघरांतून भांडणे ऐकू येऊ लागली. नवरे ओरडत, सासवा छाती बडवत, सुना भांडी आपटत, आणि शेजारी भिंतीला कान लावून हसत. "आज कुणाकडे फाटलं?" असे लोक विहिरीवर विचारत. रेडिओने तर स्वतःच्या बापाशी चव्हाट्यावर कडाक्याचे भांडण केले, आणि संध्याकाळी दोघे एकाच ताटात जेवताना सापडले. बाप म्हणाला, "अरे, भांडून भूक लागते."

थोरल्याच्या घरी भांडण झाले नाही. थोरल्याने एके रात्री जेवताना सरळ सांगितले, "मधली भिंत घालू. धाकट्याच्या खोलीत चूल मांडू. दोन जागा पदरात पडल्या की भिंत पाडू."

"आणि आई?" धाकट्याने विचारले.

"आई दोन्हीकडे. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे."

"म्हणजे मी पाहुणी," सासूबाई म्हणाल्या. पण पोराच्या शब्दापुढे त्या गेल्या नाहीत.

धाकटी खाली मान घालून ताटातला शेवटचा भात बोटांनी गोळा करत राहिली.

तिच्या चुलीची माती तिने स्वतः मळली. पोरांनी ओढ्याकाठून चिकणमाती आणली, तिने त्यात भुसा घातला आणि पायांनी तुडवली. थोरली मदतीला गेली तर म्हणाली, "असू द्या ताई, होतंय माझं." खोलीच्या कोपऱ्यात धाकट्याने छपराला धुराचे भोक पाडून दिले. भांडी वाटली तेव्हा मात्र दोघी पोट धरधरून हसल्या. पाच झाऱ्यांचे दोन भाग कसे करायचे, या प्रश्नाला सासूबाईंनी, "एक मला द्या, तुम्हा दोघींना हाणायला," असे उत्तर दिले.

पहिल्या आठवड्यात भिंतीवरून वाट्या इकडून तिकडे जात-येत होत्या. मग थोरल्याने बजावले, की कुणीही अचानक बघायला येईल, वाट्या दिसायला नकोत. वाट्या थांबल्या. पोरांना सांगावे लागले, की काकूच्या चुलीपाशी जेवायला बसायचे नाही. सर्वांत धाकटे पोर दोन दिवस रडले, तिसऱ्या दिवसापासून ते दाराशी आले तरी उंबऱ्यापाशी थांबू लागले आणि "येऊ का?" असे विचारू लागले. तो प्रश्न थोरलीला सुरीसारखा लागला. पण असे विचारायचे, हे त्याला आपणच शिकवले, हेही ती विसरली नाही.

कांदा काढणीला आला. चुली वेगळ्या म्हणजे शेतही वेगळे दिसायला हवे, म्हणून थोरल्याने बांधापासून बांधापर्यंत सुतळी ताणली. वरचा भाग त्याचा, खालचा धाकट्याचा. सगळे मात्र एकत्रच राबत होते. बायका बसून सरकत कांदे उपटायच्या, पाती एकीकडे करून ओळीने वाळत घालायच्या. पाठीचा काटा ढिला व्हायचा, नखांत माती भरायची. दुपारी झाडाखाली दोन डबे उघडले जात, दोन वेगळ्या फडक्यांवर, एकमेकांपासून हातभर अंतरावर. थोरलीला ते हातभर अंतर आपल्याच जेवणात खड्यासारखे लागे.

त्याच दिवसांत एका सकाळी तिच्याकडची काडेपेटी सादळली. चूल विझलेली. ती निखारा मागायला धाकटीच्या दारी गेली. आत धाकटी एकटीच होती. थोरली उंबऱ्यातच उभी राहिली.

धाकटी डाव्या हाताने ढवळत होती. चूल तिने खोलीच्या उजव्या भिंतीला अशी मांडली होती की बसल्यावर डावा हात मोकळा राहावा. मिठाचे भांडे डावीकडे, झारे डावीकडे टांगलेले, पाण्याचा हंडा डावीकडे. तिच्या हाताला कुठे शोधावे लागत नव्हते. ती उकळते पातेले उतरवून ठेवताना एक थेंब सांडला नाही.

"तू डावखुरी आहेस?" थोरलीने विचारले.

धाकटी दचकली. झारा चटकन उजव्या हातात घेतला. मग काय वाटले कोण जाणे, परत डाव्यात घेतला. "लहानपणापासून. लग्न ठरलं तेव्हा आईनं सांगितलं, सासरी उजव्या हातानंच कर. नाहीतर म्हणतील डावरी दिली."

"इतकी वर्षं बोलली नाहीस."

"बोलून काय झालं असतं, ताई? तुमची चूल तशीच राहिली असती." ते ती रागाने म्हणाली नाही. तिने चिमट्यात निखारा धरला आणि थोरलीच्या घमेल्यात ठेवला. "चहा घ्या ना. माझा पहिला कप आहे. गरम आहे."

थोरली उंबरा ओलांडून आत बसली. त्या घरात येऊन तिला पंचवीस वर्षे झाली होती, आणि दुसऱ्या कुणी करून हातात दिलेला गरम चहा तिने तिथे पहिल्यांदा प्यायला.

पुढे आभाळ भरून आले. कांदा रानात पसरलेला, आणि ताडपत्री एकच. दुपारी अवेळी वारा सुटला तशी सगळी धावली. थोरल्याने ताडपत्री ओढून आधी वरच्या भागावर पसरली. ती खालपर्यंत पुरली नाही. सरी आल्या, थोड्याच. पण खालच्या अंगाला पाणी साचले. धाकटा आणि धाकटी पिशव्या, चादरी, हाताला लागेल ते कांद्यावर टाकत राहिली. थोरलीने आपल्या डोक्यावरचे पोते काढून त्यांच्या ओळीवर घातले.

पाऊस थांबल्यावर धाकटा चिखलात उभा राहून म्हणाला, "दादा, तू तुझं झाकलंस."

"तुझं-माझं कसलं? नाटक आहे ना ते!"

"नाटक आहे तर आधी खालचं झाकायचं. पाणी खालीच साचतं, हे तुला माहीत नाही?"

थोरला ओरडणार असे सर्वांना वाटले. पण त्याने ताडपत्रीची घडी घालायला घेतली, आणि ओल्या ताडपत्रीचे दुसरे टोक धरायला धाकटा पुढे झाला नाही. ते थोरलीने धरले. भिजलेल्यातला बराच कांदा पुढे साठवणीच्या चाळीत सडला. वास दोन्ही घरांत येत होता.

काढणीत चुली मोजून गेलेल्या बाई हंगाम संपल्यावर पुन्हा आल्या. या वेळी त्या न सांगता, सकाळीच आल्या. बऱ्याच घरांत दुसऱ्या चुलीत कोळ्यांनी जाळी केली होती. रेडिओच्या दुसऱ्या चुलीत तर कोंबडी अंड्यांवर बसली होती. बाईंनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आता हिचंही वेगळं कुटुंब धरा." गाव हसले, आणि त्याची दुसरी जागा गेली.

धाकटीच्या खोलीत बाई बऱ्याच वेळ बसल्या. छपराची काजळी, भांड्यांची बुडे, चुलीच्या कडेला झिजलेली माती त्यांनी पाहिली. मग त्या थोरलीकडे आल्या.

"एक विचारू? हे घर खरंच वेगळं झालंय का?" त्यांचा आवाज थकलेला होता, पण त्यात संशय नव्हता. "माळावर जागा मोजक्याच आहेत. एक खोटी चूल धरली, की गोठ्यात राहणारं एक घर मागे राहतं. माझ्या कागदावर दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून तुम्हाला विचारते."

भिंतीपलीकडे धाकटी पोरांना वाढत होती. झारा भांड्यावर वाजत होता. थोरलीने तो आवाज ऐकला.

"झालंय," ती म्हणाली. म्हणताना तिला जाणवले, की ती खोटे बोलत नव्हती.

जागा मिळाल्या. दोन, शेजारीशेजारी. त्या संध्याकाळी थोरला बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला. भिंतीपलीकडून त्याने सर्वांना हाक मारली, अंगणात बसवले आणि काठीने मातीत चौकोन काढून दाखवला. "दोन जागांचं मिळून एकच घर. पुढे मोठी पडवी, मागे खोल्या, मधे एकच मोठं स्वयंपाकघर. थोरलीच्या हाताखाली, पहिल्यासारखं. पाया खणणारा सकाळी येतोय. आणि उद्याच ती चूल काढून टाका. नाटक संपलं."

धाकटा मातीतल्या चौकोनाकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय होते ते त्याच्या जबड्यावर दिसत होते. पण दादापुढे बोलायची जी सवय त्याला चिखलात एकदा सापडली होती, ती परत सापडेना. सासूबाईंनी पदराने नाक पुसले आणि "चला, एकदाची सुटले" असे म्हणून त्या सुनांकडे बघायचे टाळू लागल्या.

धाकटी उठली. "भांडी केव्हा आणू, ताई?" तिने विचारले. तिचा आवाज पुन्हा जुना झाला होता, उजव्या अंगाला उभे राहून बोलणारीचा.

थोरलीला दोन गोष्टी एकाच वेळी दिसत होत्या. एक, ते मोठे स्वयंपाकघर: सगळी एका पंगतीत, पोर उंबऱ्यापाशी न थांबता आत धावत येते आहे, आणि दिवसभर राबायला दुसरे दोन हात. ते तिला हवे होते. या हंगामात एकटीने चूल सांभाळताना किती रात्री तिला ते हवे झाले होते! आणि दुसरी, धाकटीने चहा दिला तेव्हाचा तिचा चेहरा. शिवाय बाईंना आपण काय सांगितले होते, हेही होते. चूल मोडली, तर आपले ते "झालंय" खोटे ठरणार, आणि कुणाच्या तरी गोठ्यातल्या बिऱ्हाडाची जागा आपण ताडपत्रीसारखी स्वतःवर ओढून घेतलेली असणार.

"सकाळी माझ्याबरोबर माळावर चल," ती धाकटीला म्हणाली. "भांडी राहू दे."

उजाडायला दोघी माळावर पोचल्या. वस्तीचे रस्ते खडी टाकून नुसते आखलेले होते. नळाच्या तोंडाला अजून कापड बांधलेले होते. दोन्ही जागांभोवती थोरल्याने आदल्या दिवशीच चुन्याच्या फक्कीने एकच मोठा चौकोन काढून ठेवला होता. फक्कीचे पोते दगडाखाली दाबलेले होते. थोरलीने दगड सरकवला आणि ओंजळभर फक्की घेतली.

"तुझी चूल कुठल्या भिंतीला?" तिने विचारले.

धाकटीला हे कुणी कधी विचारले नव्हते. उत्तर कसे द्यायचे याचा सराव नव्हता. मग ती त्या मोकळ्या जागेत शिरली, नसलेल्या दारातून आत आल्यासारखी वळली, खाली बसून बघितले, उठली, दोन पावले मागे सरकली आणि पुन्हा बसली.

"इथे," ती म्हणाली. "इथून पोरं शाळेतून येताना दिसतील."

थोरलीने तिथे फक्कीचा छोटा चौकोन काढला. मग ती मागच्या हद्दीच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत, वाकून, मुठीतून फक्की सोडत, उलट्या पावलांनी चालत गेली. रेघ फार सरळ आली नाही. मधे एक दगड होता, तिथे ती थोडी वाकली. पण ती दोन जागांच्या बरोबर मधून गेली.

पाया खणणारा खांद्यावर कुदळ टाकून आला तेव्हा थोरली पदराला हात पुसत होती. तो चौकोन बघून चक्रावला.

"वहिनी, दादांनी तर एकच घर सांगितलं होतं. ही मधली रेघ कुणी काढली?"

"मी काढली. त्यांना मी सांगते. दोन घरं आहेत. मधली भिंत ह्या रेघेवर घ्या, आणि पाया खोल काढा."

"खोल?"

"पोरं राहणार आहेत त्यात. बरीच वर्षं."

दुरून थोरला चढण चढून येताना दिसू लागला, त्याच्यामागे चार पावलांवर धाकटा. धाकटी थोरलीच्या जवळ सरकली. खणणाऱ्याने एकदा वर येणाऱ्या दोघांकडे पाहिले, एकदा थोरलीकडे. मग तळहातांना थुंकी लावली आणि पांढऱ्या रेघेवर पहिला घाव घातला.